घोडा बेंगळुरूला धावतो, घर दौंडला मोडतं

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. गेली चोवीस वर्षं मी या दोन्ही ठिकाणच्या कोर्टांत वकिली करते. न्हावरा–चौफुला रस्त्याने आठवड्यातून दोनदा तरी जाणं-येणं होतं. पोटगी, वाटप, चेक बाउन्स असल्या दाव्यांच्या फायली पिशवीत असतात, आणि त्यातल्या काहींच्या तळाशी घोडा निघतो. परराज्यातल्या शर्यतीवर फोनवरून लावलेला पैसा, त्यासाठी काढलेलं कर्ज आणि त्या कर्जापायी मोडलेलं घर. या फायलींनी मला जे शिकवलं, ते इथे क्रमाने मांडते.

१. अंतर हाही एक कायदा असतो

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत होते आणि रेसला जायचे. आमच्या घरात हे कुणी लपवलं नाही. पुण्याच्या रेसचा मोसम जुलैत सुरू व्हायचा आणि दिवाळीच्या आसपास संपायचा. सुट्टीचा रविवार आला की अण्णा सकाळच्या पॅसेंजरने निघायचे. आई वीस रुपये मोजून हातावर ठेवायची. ते शर्टाच्या खिशात जायचे. रेल्वेचा पास आणि चहापुरते सुटे पैसे आतल्या खिशात. शर्टाचा खिसा रिकामा झाला की अण्णा कठड्याला टेकून उरलेल्या शर्यती नुसत्या बघायचे आणि रात्रीच्या गाडीने घरी यायचे. आतल्या खिशाला त्यांनी कधी हात लावला नाही.

अण्णांचा संयम मोठा होता असं मी लहानपणी समजत होते. आता वाटतं, त्या संयमाला पाऊणशे किलोमीटरचा टेकू होता. आणखी पैसे लावायचे तर दौंडला परत यावं लागलं असतं.

२. पडद्याने खाडा काढून घेतला

पुण्याचा मोसम संपला की मुंबईचा सुरू होतो, नोव्हेंबर ते एप्रिल. दोन्ही रेसकोर्स रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. पण आता एका गावच्या शर्यती दुसऱ्या गावच्या रेसकोर्सवर पडद्यावर दिसतात आणि तिथेच त्यांच्यावर पैसे लावता येतात. या धंद्यात त्याला इंटरव्हेन्यू म्हणतात. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला घोडे नसतील त्या दिवशी बेंगळुरूला असतात, तिथे नसतील तर हैदराबादला, म्हैसूरला, कोलकात्याला.

क्लबच्या दृष्टीने ही सोय आहे. घोडे पोसायचे, जॉकी-मोतद्दारांचे पगार द्यायचे तर बारा महिने उलाढाल लागते. ते मी मान्य करते. पण खेळणाऱ्याच्या आठवड्यात पूर्वी चार-पाच दिवस खाडा असायचा. हरलेला माणूस त्या दिवसांत कामाला लागायचा, बायकोपोरांत बसायचा, डोकं थंड व्हायचं. आज हरलेला माणूस उद्याच्या शर्यतीवर आजचं भरून काढायला बघतो. सगळं कर्ज इथूनच सुरू होतं.

३. आपला कायदा कुंपणाला बांधलेला आहे

अशिलाला मी हे पहिल्याच भेटीत समजावते. संविधानात जुगार हा राज्यांच्या सूचीतला, ३४ व्या नोंदीचा विषय आहे. म्हणून बेंगळुरूच्या शर्यतीला कर्नाटकचा कायदा लागतो आणि तिच्यावर पुण्यात लावलेल्या पैशाला महाराष्ट्राचा. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आणि १९१२ चा रेसकोर्स परवान्याचा कायदा आहे. घोड्यावर पैसे लावायला सवलत मिळते ती रेसकोर्सच्या ठरवून दिलेल्या आवारात, परवानाधारक बुकीकडे किंवा टोटच्या, म्हणजे क्लबच्या सामायिक पैजेच्या, खिडकीवर.

दौंडच्या टपरीमागे किंवा रांजणगावच्या खोलीवर बसून फोनवर लावलेल्या पैशाला हे कुंपण नाही. तिथे शर्यत तीच असते, घोडाही तोच, पण गुन्हा मात्र १८८७ च्या कायद्याच्या कलम ४ आणि ५ चा किंवा १२ (अ) चा. घोडा कायदेशीर म्हणजे त्याच्यावरचा प्रत्येक पैसा कायदेशीर, ही समजूत मी अनेक सुशिक्षित माणसांकडून ऐकली आहे. ती पूर्ण चुकीची आहे.

४. कौशल्याचा निकाल ऐकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा

१९९६ साली लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. फोनवर पैसे घेणारा प्रत्येक जण हा निकाल तोंडपाठ सांगतो. त्याला विचारा, तुमच्या गिऱ्हाइकाने घोडा पाहिला आहे का?

शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकला अण्णा जाऊन उभे राहायचे. घोडा चालतो कसा, अंगाला घाम किती, वजन किती दिलंय, जॉकी कोण, हे बघून ठरवायचे. ती पारख होती. आमच्या शिरूरला तर ही पारख रक्तातली. १८१७-१८ पासून या गावाने पूना हॉर्स या घोडदळाचे स्वार पाहिलेत. बैलगाडा शर्यतीच्या घाटात आजही म्हातारी माणसं पुढे पळणारी घोडी बघून बारी किती सेकंदांत बसेल ते सांगतात. पण मोबाइलच्या वीतभर पडद्यावर, ज्याचं नावसुद्धा नीट वाचता येत नाही अशा घोड्यावर उसाचा हप्ता लावणं यात पारख कुठे आली?

शिवाय प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. एका अशिलाच्या बायकोने मला नवऱ्याची वही आणून दिली होती. दुधाच्या पगाराची वही, मागच्या पानांवर पेन्सिलीने नोंदी: ‘हैद. ४ नं. घोडा, ५००’, ‘म्हैसूर २ नं., १०००’. मी त्याला बसवून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, खोलीत एक जण नेहमी अगदी शेवटी, घोडे सुटता सुटता पैसे लावायचा आणि बहुतेकदा जिंकायचा. इतर त्याला नशीबवान म्हणायचे. मी एवढंच विचारलं की त्याच्या कानाला फोन असायचा का. तो बराच वेळ गप्प बसला. तिकडे मैदानावर उभा असलेला माणूस पडद्याच्या आधी शर्यत बघतो. खोलीतले बाकीचे सगळे शिळी शर्यत बघत होते.

५. जिथे पावती नाही तिथे पैसा नाही

टोटचं काम सरळ आहे. सगळ्यांचा पैसा एका भांड्यात जातो, कर आणि क्लबचा वाटा कापला जातो, उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. हातात तिकीट असतं. मोठी रक्कम जिंकली तर ३० टक्के आयकर तिथल्या तिथे कापतात. म्हणजे नोंद राहते. फोनवरच्या धंद्यात नोंद फक्त पैसे घेणाऱ्याच्या वहीत. तुम्ही जिंकलात तर त्याचा फोन बंद, हरलात तर माणूस दारात.

आता सरकारला सांगायचं ते. रेसच्या पैशावरचा जीएसटी २८ टक्के होता, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. व्यसनाच्या गोष्टीवर जास्त कर हवा, हे मला पटतं. पण उजेडातली खिडकी महाग होत गेली आणि अंधारातल्या खिडकीला करच नसला, तर माणूस कुठे वळेल? करवाढ करताना दुसरी खिडकी बंद करण्याची तयारी तेवढीच हवी.

६. जुगाराची उधारी कोर्टात टिकत नाही

हे वाक्य ऐकून माझ्या ऑफिसात बायका रडल्या आहेत, कारण ते त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक आहे. त्यातला पैसा दावा लावून वसूल होत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातही, १८६५ चा कायदा त्याच्या पुढे जातो. पैज लावण्यासाठी म्हणून जाणूनबुजून दिलेल्या उसन्या पैशाचाही दावा चालत नाही.

दौंड तालुक्यातल्या एका ताईंचा नवरा हैदराबादच्या शर्यतींत बुडाला. पैसे देणाऱ्याने कोरे चेक घेतले, वर वीस गुंठ्यांचं खरेदीखत करून घेतलं. ताई पहिल्या दिवशी मंगळसूत्र गहाण ठेवल्याची पावती घेऊन आल्या होत्या. आणखी काय विकू, हा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, काहीच विकू नका. सावकारीचा परवाना नसताना व्याजाने पैसे देऊन जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करता येते, आणि चौकशीत सिद्ध झालं तर जिल्हा निबंधक जमीन परत देववू शकतात. आम्ही ती वाट धरली. दोन वर्षं हेलपाटे झाले, पण आज सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे.

७. नुसती बंदी पुरत नाही, नियम राबवावे लागतात

हे आम्ही शिरूरकर बैलगाडा शर्यतींवरून शिकलो. २०१४ साली शर्यती बंद झाल्या, तरी आडरानात पहाटे बाऱ्या सुटतच होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. आता अर्ज करावा लागतो, बैलांची तपासणी होते, चित्रीकरण होतं. सगळं नीट चालतं असं मी म्हणणार नाही, पण चूक झाली तर जबाब विचारायला एक नाव असतं.

पडद्यावरच्या घोड्यालाही असंच नाव-गाव हवं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात खेळ पुरवणारा, जाहिरात करणारा आणि पैसा फिरवणारा गुन्हेगार आहे, खेळणारा नाही. ही दिशा बरोबर आहे. आमच्या तालुक्यांत छापा पडतो तेव्हा पंचनाम्यात एक टीव्ही, दोन मोबाइल, थोडी रोकड आणि चिठ्ठ्या लिहिणारा एक पोरगा येतो. फोनच्या दुसऱ्या टोकाचा माणूस कधीच येत नाही. तपास पैशाच्या मागे, खात्यांच्या मागे गेला पाहिजे.

आणि परवानगी असलेल्या खिडकीसाठी माझं मागणं साधं आहे. परगावच्या शर्यतीवर पैसे घ्यायचे तर पावतीवर नाव असावं. महिन्याची मर्यादा असावी. घोडे सुटण्याआधीच खिडकी बंद व्हावी. ‘मला आत घेऊ नका’ असा अर्ज माणसाला स्वतः करता यावा आणि तो पाळला जावा. करातला काही वाटा तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशनासाठी यावा, कारण शर्यत कुठेही झाली तरी पैसा आमच्या तालुक्यातून गेलेला असतो.

८. वही घरात उघडी ठेवा

अण्णांच्या वीस रुपयांची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली. त्यातली मुख्य गोष्ट मला फार उशिरा कळली. ते पैसे आई मोजून द्यायची. म्हणजे घराला आकडा माहीत होता. माझ्याकडे आलेल्या एकाही फायलीतल्या घराला तो माहीत नव्हता. कांद्याची पट्टी केडगावच्या बाजारातून घरी येईपर्यंत तिचं काय झालं, हे बायकोला सहा-सहा महिने कळलेलं नव्हतं.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. घरात कुणी असं अडकलं असेल तर शरमेपोटी गप्प बसू नका. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टँपवर सही करू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलता येतं, आणि ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० ला फोन करा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत या. शिरूरलाही आहे, दौंडलाही आहे. सही करण्याआधी या. सही झाल्यानंतर मला दोन वर्षं लागतात, आधी आलात तर अर्धा तास पुरतो.