हातातील यंत्र आणि जिवाचा विसावा

(धंदा करणाऱ्या बंधुभगिनींसाठी व उपदेशकांसाठी अभ्यास)

शास्त्रपाठ : निर्गम १८:१३–२७, १ राजे १९:१–२१, मार्क ६:३०–३२.
घरी वाचण्यासाठी : निर्गम १६:२२–३०, नीतिसूत्रे २७:२३–२७, प्रेषितांची कृत्ये १८:१–४.

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. इ. स. १७२४ मध्ये त्या गावाजवळ निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली व मुबारिझखान तीत पडला. त्या लढाईचा निकाल एका दिवसात लागला. परंतु आज त्याच गावच्या बाजारात छोटा धंदा करणाऱ्या मनुष्याची जी लढाई चालते, ती रात्री अंथरुणावर पडल्यावरही संपत नाही. तिचे रणांगण त्याच्या तळहातावरील मोबाईल होय.

असा एक बंधू डोळ्यांपुढे आणा. तो शिंपीकाम करतो. लग्नसराईत ब्लाउज, परकर, मुलांचे कपडे व शाळेचे गणवेश यांची एकच गर्दी उडते. पहाटे पाच वाजता कोणी विचारतो, 'आमचे कापड झाले का?' रात्री अकरा वाजता दुसरा विचारतो, 'शिलाई किती घ्याल?' कौटुंबिक प्रार्थनेला बसावे, तोच फोन वाजतो. उधारी कोणाकडे किती, हे त्याच्या डोक्यात आहे, वहीत नाही. लेकराने काही विचारले की तो त्याच्यावर खेकसतो, व मग स्वतःच खिन्न होतो. रविवारी तो उपासनेत येतो खरा, परंतु त्याचे चित्त शिवणयंत्रापाशी असते. तो आळशी नाही, लोभीही नाही. तरी तो आतून झिजत चालला आहे. अशा मनुष्यास आपण काय सांगावे? आणि ज्या यंत्राने त्याची शांती हिरावली, तेच यंत्र त्याचे चाकर होऊ शकेल काय? हा आजच्या धड्याचा विषय आहे.

१. शीण दोन प्रकारचा असतो

दिवसभर नांगरून आलेल्या कुणब्यास जो थकवा येतो, तो झोपेने जातो. परंतु दुसरा एक शीण आहे, जो झोपेनेही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली. तिने त्यास रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणी जो ताण दीर्घकाळ राहतो व ज्याची नीट व्यवस्था लागत नाही, त्यापासून होणारी ती अवस्था आहे असे म्हटले. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : पहिले, अंगातील शक्ती सरल्यासारखे वाटणे, दुसरे, आपल्याच कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, तिसरे, हातून पूर्वीसारखे काम न होणे. वरील शिंपीबंधूच्या ठायी ही तिन्ही दिसू लागली आहेत.

एलीया संदेष्ट्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळविल्यावर तोच मनुष्य रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्यास प्रथम रागे भरले नाही, लांब उपदेशही केला नाही. त्यास झोपू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. प्रश्न व आज्ञा त्यानंतर आल्या. आणि शेवटी त्यास अलीशा हा साहाय्यक दिला. उपदेशकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. खचलेल्या मनुष्यास 'तुझा विश्वास कमी पडला' असे प्रथमच म्हणणे, हे देवाच्या रीतीला सोडून आहे.

२. मोशेची चूक व इथ्रोचा सल्ला

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्याय करीत बसे. काम वाईट नव्हते. रीत वाईट होती. त्याचा सासरा इथ्रो याने एकाच दिवसात ती ओळखली. त्याने जो सल्ला दिला, त्याचे तीन भाग आहेत. पहिला, जे सर्वांस सांगावयाचे ते एकदाच स्पष्ट सांगून ठेवावे. दुसरा, लहान कामे विश्वासू हाती सोपवावी. तिसरा, जे कठीण तेवढेच स्वतःकडे घ्यावे. मोबाईलमधील जी साधने उपयोगी आहेत, ती याच तीन गोष्टी करतात. म्हणून त्यांचा विचार याच क्रमाने करू.

(अ) एकदाच सांगून ठेवणे. आपला शिंपीबंधू दिवसातून वीस वेळा एकच उत्तर देतो. २०१८ मध्ये लहान दुकानदारांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नावाची निराळी सोय निघाली. ती फुकट आहे. तीत दुकानाच्या वेळा लिहून ठेवता येतात. वेळ संपल्यावर कोणी निरोप धाडला, तर आपण आधी लिहून ठेवलेले उत्तर आपोआप जाते, उदाहरणार्थ, 'दुकान सकाळी नऊ ते सायंकाळी सात उघडे असते, रविवारी बंद. आपला निरोप मिळाला. उद्या उत्तर देऊ.' वारंवार लागणारी उत्तरे साठवून एका खुणेने पाठविता येतात. मालाची चित्रे व दर यांची यादीही मांडता येते, म्हणजे 'शिलाई किती?' हा प्रश्नच कमी होतो. तसेच प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे 'नवी मागणी', 'पैसे बाकी', 'काम पूर्ण' अशा चिठ्ठ्या लावता येतात.

येथे कोणी म्हणेल, 'तत्काळ उत्तर न दिल्यास गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल.' एखादे जाईलही. परंतु विचार करा, गिऱ्हाईक शिंप्याकडे पुन्हा कशासाठी येते? रात्री अकराला उत्तर मिळाले म्हणून नव्हे, तर सांगितलेल्या दिवशी कपडा तयार मिळाला म्हणून. जो रात्री जागून उत्तरे देतो, त्याचाच सकाळी कापड बेतताना हात चुकतो.

(आ) लहान कामे सोपविणे. सुटे पैसे, उधारी, बेरीज व आठवण ही चार लहान कामे डोके खातात. त्यांपैकी पैशाची देवघेव २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने सुलभ केली. तिचा मोठा लाभ असा की, प्रत्येक रकमेची नोंद तारखेसह बँकेत राहते. परंतु घरखर्च व धंदा यांचे खाते एकच असेल, तर ही नोंद गोंधळाची होते. म्हणून धंद्याचे खाते निराळे ठेवावे. ज्यांच्यापाशी साधा, बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सोय निघाली. तिला इंटरनेट लागत नाही.

उधारीसाठी मोबाईलमध्ये खतावणीची साधने मिळतात. त्यांत नाव व रक्कम लिहिली की बाकी आपोआप निघते, व गिऱ्हाइकास आठवणीचा निरोप धाडता येतो. यामुळे मागणाऱ्याचा संकोच व देणाऱ्याचा वाद ही दोन्ही कमी होतात. नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आपल्या कळपाची स्थिती नीट जाणून घेण्याचा जो बोध आहे, तो दुकानदाराच्या बाबतीत रोजकीर्दीस लागू पडतो. पुष्कळांची चिंता कर्जापेक्षा अज्ञानाची असते. किती देणे आहे हे न कळल्याने ते फार मोठे भासते. रोज सायंकाळी दहा मिनिटे हिशेब लिहिणारा मनुष्य पुष्कळदा निश्चिंत झोपतो.

कपडा कोणत्या दिवशी द्यावयाचा, हे मोबाईलमधील दिनदर्शिकेत लिहावे व आदल्या दिवसाची आठवण लावावी. एका आठवड्यात किती काम मावते, हे असे डोळ्यांपुढे आले म्हणजे 'नाही' म्हणण्याचे धैर्य येते. हे धैर्य फार मोलाचे आहे. कारण पुष्कळ शीण कामाचा नसून, न झेपणारे वचन दिल्याचा असतो.

(इ) कठीण तेवढेच स्वतःकडे घेणे. रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत, शिकाऊ मुलास शिकविणे, गरिबाच्या लेकराचा गणवेश आधी शिवावा की श्रीमंताचा, हा निर्णय : ही कामे कोणतेही यंत्र करीत नाही. त्यांसाठी शांत मन लागते, व ते राखण्यासाठीच वरील सर्व खटाटोप आहे.

३. वाचलेला वेळ कोणाचा?

येथे एक मोठा धोका आहे. इंग्लंडात १७३३ मध्ये जॉन के याने धावता धोटा काढला. दोरी ओढताच धोटा आपोआप इकडून तिकडे जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी हातमागात सुधारणा करून विणकराचे काम पुष्कळ जलद केले. अशा सुधारणा गरिबांच्या हिताच्या होत. परंतु जलद माग विणकरास आपोआप विश्रांती देत नाही. तासाचे काम अर्ध्या तासात झाले, तर उरलेला अर्धा तास कोणाचा, हे मागाला ठाऊक नसते; ते माणसानेच ठरवावे लागते. न ठरविल्यास तो अर्धा तासही धंदाच गिळतो.

मोबाईलचे असेच आहे. म्हणून सीमा आधी ठरवावी. बहुतेक फोनांत 'व्यत्यय नको' अशी सोय असते. ती रात्री ठरावीक वेळी आपोआप सुरू होते. धंद्याचे निरोप मुके राहतात, परंतु निवडलेल्या घरच्या माणसांचा फोन मात्र वाजू देता येतो. आजाऱ्याचा निरोप चुकेल ही भीती त्यामुळे राहत नाही. २०१८ पासून नव्या फोनांत आपण दिवसभरात किती वेळ पडद्याकडे पाहिले, याचा हिशेबही मिळतो. तो एकदा अवश्य पाहावा. पुष्कळांस असे आढळेल की, धंद्याने नव्हे, तर धंद्याच्या निमित्ताने पाहिलेल्या गमतीने आपली रात्र खाल्ली.

मान्न्याच्या कथेत सहाव्या दिवशी दुप्पट मिळाले. तरी काही जण सातव्या दिवशी वेचावयास गेले व रिकाम्या हाताने परतले. पौलाने करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांजबरोबर तंबू शिवले, तथापि शब्बाथ दिवशी तो सभास्थानात असे. ज्याच्या दुकानास दार आहे, त्याने ते लावावयास शिकले पाहिजे.

४. सावधगिरीच्या तीन गोष्टी

पहिली : पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. 'पैसे मिळण्यासाठी पिन टाका' असे जो सांगतो, तो ठक समजावा. फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता त्याच क्षणी १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे थांबविण्याची आशा अधिक.

दुसरी : मोबाईलवर क्षणात कर्ज देणाऱ्यांपासून जपावे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा कर्जाविषयी नियम घातले आहेत. कर्ज कोणती बँक किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्था देत आहे व एकंदर व्याज किती, हे लेखी कळल्यावाचून पुढे जाऊ नये. शिणलेला मनुष्य घाईने सही करतो.

तिसरी : मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते पाप समजून लपवू नये. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून फुकट चालते व तेथे मराठीतही बोलता येते. प्रार्थना व औषध यांत वैर नाही.

५. मंडळीचे कर्तव्य

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. काही बंधुभगिनी हौसेने नव्हे, तर पोटासाठी रात्रंदिवस राबतात. सोयाबीनचे पीक बुडाले, मुलीची फी भरावयाची आहे, अशा घरी जाऊन 'विसावा घ्या' एवढेच सांगणे हे उपाशी मनुष्यास नुसता आशीर्वाद देऊन पाठविण्यासारखे आहे. तेथे मंडळीने हात दिला पाहिजे. जी मुले फोन सराईतपणे वापरतात, त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ वडीलधाऱ्यांस हिशेब व वेळापत्रक लावून द्यावे. आपल्याच मंडळीतील दुकानदारास रविवारी मालासाठी फोन करू नये. आम्हीच त्याचा विसावा मोडतो व मग त्याच्या गैरहजेरीविषयी कुरकुरतो! ज्या म्हातारीपाशी फोन नाही, तिच्यासाठी दुकानात कागदाची वही ठेवावी. आणि घरातील स्त्री शिवणात अर्धा वाटा उचलीत असेल, तर हिशेबातही तिचे नाव असावे व विसाव्यातही तिचा वाटा असावा. धन्याचे दुकान बंद झाले, पण चुलीपुढील काम तसेच राहिले, तर तो शब्बाथ अर्धाच पाळला गेला.

उपदेशकांनो, हे आपणांसही लागू आहे. येशूने आपल्या शिष्यांस, लोक येतजात असता व जेवावयासही सवड नसता, एकांती नेले. गर्दी संपली नव्हती. तरी त्याने नेले.

विचारार्थ प्रश्न

१. इथ्रोने मोशेच्या कामास दोष दिला की रीतीस? आपल्या धंद्यात कोणते एक काम आपण विनाकारण एकटे करतो?
२. एलीयास देवाने प्रथम काय दिले व उपदेश केव्हा केला? खचलेल्या बंधूकडे जाताना आपण कोणता क्रम पाळतो?
३. शीणाची तीन लक्षणे सांगा. त्यांपैकी एखादे आपल्या घरी दिसते काय?
४. यंत्राने वाचलेला वेळ आपण कशास देतो?
५. कोणत्या बंधूचा विसावा आपल्यामुळे मोडतो?

या आठवड्याचा पाठ

सात दिवस रोज सायंकाळी दहा मिनिटे जमाखर्च लिहा. दुकान बंद करण्याची एक वेळ ठरवा व ती गिऱ्हाइकांस आधी कळवा. प्रार्थनेच्या वेळी घरातील सर्व फोन एका टोपलीत ठेवा. पुढील रविवारी मंडळीत प्रत्येकाने सांगावे की, त्यास काय साधले व काय साधले नाही. ज्यास साधले नाही, त्यास कोणी हसू नये. दोघा बंधूंनी त्याच्या घरी जाऊन त्याचा भार कोठे अडतो, ते पाहावे.