‘शी!’ म्हणण्याआधी

मुलांना रागवूच नका, असं मी सांगणार नाही. रागवावं लागतं. घर गच्चीबावलीच्या अकराव्या मजल्यावर असो की काचीगुड्याच्या जुन्या गल्लीत, पाचवीतल्या पोरानं डायरीत बाबांची खोटी सही केली तर आवाज चढणारच. मला बोलायचंय ते त्या आवाजातल्या शब्दांबद्दल.

“शी! लाज नाही वाटत? आमच्या घरात असा कसा निपजलास?” एका आईचं हे बोलणं माझ्यासमोर झालं. मुलगा रडला नाही. टेबलक्लॉथचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. सहीबद्दल त्याला कुणी काही विचारलंच नाही.

हे रागावणं नव्हे, हे धिक्कारणं. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल, ‘धिक्’च्या योगात द्वितीया येते, आणि ती ज्याची निर्भर्त्सना करायची त्याला लागते. शब्द थेट माणसावरच जाऊन पडतो. या ‘धिक्’पासूनच ‘धिक्कार’ झाला आणि पुढे मराठीत ‘धिक्कारणे’. मनुस्मृतीत शिक्षेच्या पायऱ्या आहेत: आधी वाग्दंड, मग धिग्दंड, मग धनदंड, शेवटी वधदंड. नुसता शब्द, पण त्याची गणना दंडात केलेली आहे.

जैन परंपरेतली कथा मला याहून जवळची वाटते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ती सविस्तर सांगितली आहे. सात कुलकर, म्हणजे लोकांना नियम लावून देणारे आदिपुरुष, होऊन गेले. पहिल्या दोघांच्या काळी चुकणाऱ्याला ‘हा!’ एवढं पुरे, म्हणजे अरेरे, हे काय केलंस! पुढे ‘मा’ आलं, म्हणजे करू नकोस. हे दोन्ही अपुरे पडले तेव्हा पाचव्याच्या, प्रसेनजिताच्या काळी ‘धिक्’ आलं. शेवटचा कुलकर नाभी, आणि त्याचे पुत्र ऋषभदेव, म्हणजेच आदिनाथ. आपल्या हैदराबादेहून लोक आलेरजवळच्या कुल्पाकजीला जातात ते त्यांच्याच दर्शनाला.

चार कुलकरांच्या काळी दोन शब्दांत भागलं. आपण दिवसभराचे दमलेले, ट्रॅफिकमधून वैतागून आलेले, आणि पहिल्याच चुकीला तिसऱ्या शब्दावर उतरतो.

खोट्या सहीला ‘अरे, हे काय केलंस?’ एवढं विचारा आणि थांबा. उत्तर येऊ द्या. बहुतेक वेळा त्यात गणिताचे मार्क असतात, नाहीतर तुमचीच भीती. मग ‘पुन्हा करायचं नाही’ हे खुशाल कडक आवाजात सांगा, बाईंपुढे कबूल करायला लावा. ‘मा’मध्ये धाक भरपूर आहे.

इथल्या पालकांना आणखी एक सांगते. तेलुगूत ‘धिक्कारम्’ म्हणजे अवज्ञा, बंड. कोर्टाचा अवमान तो ‘कोर्टु धिक्कारम्’. मराठीत हा शब्द बहुतेक वरून खाली येतो, तेलुगूत खालून वर जातो. ज्या घरात तो रोज वरून येतो, तिथे पंधराव्या वर्षी तेलुगू अर्थाचा धिक्कार सुरू होतो, आणि मग तुमचा ‘हा’ ऐकायला पोर खोलीत थांबत नाही. दहाव्या वर्षी ते अजून थांबतंय.