घटक ६ : ब्रॉडबँडचा विस्तार आणि दूरसंचाराचे विनियमन (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात)

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• ब्रॉडबँड या संज्ञेचा बदलत गेलेला अर्थ सांगता येईल.
• भारतातील दूरसंचाराच्या विनियमनाची रचना आणि तिची मर्यादा स्पष्ट करता येईल.
• सार्वत्रिक सेवा बंधन, भारतनेट आणि डिजिटल भारत निधी यांचा परस्परसंबंध विशद करता येईल.
• औद्योगिक पट्ट्यातील गावांना इंटरनेट मिळण्यात येणाऱ्या अडचणींची कारणमीमांसा करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रसारमाध्यमांचा विचार करताना आपण बहुधा मजकुराचा विचार करतो: बातमी कशी लिहिली, भाषा कशी वापरली, वाचकावर परिणाम काय झाला. परंतु मजकूर ज्या मार्गाने पोहोचतो, त्या मार्गाचाही स्वतंत्र विचार करावा लागतो. मार्ग कोणाच्या मालकीचा आहे, तो कोणाच्या दारापर्यंत जातो आणि त्याचा दर कोण ठरवतो, यावर कोणाचा आवाज ऐकू येणार हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

हा प्रश्न तुमच्याही निकटचा आहे. प्रवेश अर्ज, परीक्षा शुल्क, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक, शिधापत्रिका, बँकेचा व्यवहार या सर्वांसाठी आज जोडणी लागते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला ही जोडणी वर्गखोलीच्या दाराइतकीच आवश्यक असते. म्हणून प्रस्तुत घटकात आपण राष्ट्रीय धोरण आणि एक विशिष्ट परिसर यांचा एकत्र विचार करणार आहोत.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ब्रॉडबँड म्हणजे काय?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून संथ गतीने जोडणी मिळे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट गतीच्या कायम जोडणीला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. २०१३ मध्ये ही किमान गती ५१२ किलोबिट करण्यात आली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. व्याख्या बदलली की आकडेवारीचा अर्थही बदलतो. काल ज्याची गणना ‘जोडलेला’ म्हणून झाली, तो नव्या व्याख्येनुसार वगळला जाऊ शकतो. म्हणून कोणताही आकडा वाचताना त्यामागची व्याख्या प्रथम पाहावी.

दुसरी सावधगिरी संख्येच्या स्वरूपाविषयी आहे. २०२४ च्या अखेरीस देशातील ब्रॉडबँड जोडण्या ९४ कोटींच्या घरात होत्या. परंतु त्यांपैकी तारेने घरापर्यंत आलेल्या जोडण्या सुमारे ४ कोटीच होत्या. उर्वरित जवळपास सर्व मोबाइलवरच्या. मोबाइलवर संदेश आणि चित्रफिती पाहता येतात. परंतु दीर्घ निबंध टंकलिखित करणे किंवा घरातील तीन मुलांनी एकाच वेळी अभ्यास करणे अवघड जाते. तसेच दूरध्वनी घनता, म्हणजे दर शंभर लोकांमागे असलेल्या जोडण्या, शहरांत शंभराच्या पुष्कळ वर आणि ग्रामीण भागात साठच्या आसपास आहे. एकाच व्यक्तीकडे दोन सिमकार्डे असू शकतात. त्यामुळे शंभर हा आकडा ‘प्रत्येकाकडे आहे’ असे सांगत नाही.

६.३.२ खेळाडू आणि पंच वेगळे का झाले?

१८८५ च्या तार अधिनियमानुसार तार व दूरध्वनी यांवर शासनाचा अनन्य अधिकार होता. सेवा देणारे शासन, दर ठरवणारे शासन आणि तक्रार ऐकणारेही शासनच. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना क्षेत्र खुले केल्यावर ही व्यवस्था टिकणे शक्य नव्हते. कारण स्पर्धक असलेल्या शासनाकडून खासगी कंपनीने निःपक्ष निवाड्याची अपेक्षा कशी करावी? या गरजेतून १९९७ च्या अधिनियमाने भारतीय दूरसंचार विनियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘ट्राय’, स्थापन झाले. २००० मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन तंटे सोडवण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शासनाच्या दूरसंचार सेवा भारत संचार निगमाकडे सोपवल्या गेल्या.

येथे एक भेद नीट लक्षात ठेवावा. दर, सेवेची गुणवत्ता आणि कंपन्यांमधील आंतरजोडणी यांबाबत ट्राय बंधनकारक विनियम करू शकते. परवाना व वर्णपट यांबाबत मात्र ते केवळ शिफारस करते. निर्णय केंद्र शासनाचा असतो. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल प्रकरणात सांगितले होते. या मालमत्तेचे वाटप मनमानीने झाल्याच्या कारणावरून २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले.

विनियमनाचा थेट संबंध भाषेशीही येतो. काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि उर्वरित इंटरनेट सशुल्क, अशी योजना २०१५ मध्ये पुढे आली होती. वरकरणी ती गरिबांच्या हिताची वाटे. परंतु निवड कंपनीने करायची असल्यास लहान मराठी नियतकालिक, जिल्ह्यातील वृत्तस्थळ किंवा ग्रंथालयाचे संकेतस्थळ कुंपणाबाहेर राहण्याचा धोका होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. ‘नेट तटस्थता’ या तत्त्वाचे हे भारतातील महत्त्वाचे उदाहरण होय.

विनियमनाला मर्यादाही आहे. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य सर्वसाधारणपणे कंपन्यांकडेच आहे. ट्रायला ते कळवावे लागतात. सप्टेंबर २०१६ नंतरच्या तीव्र स्पर्धेत डेटा स्वस्त झाला, परंतु अनेक कंपन्या बाजारातून बाहेर पडल्या. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी जवळपास एकाच वेळी दर वाढवले. स्पर्धक मोजकेच उरले की ग्राहकाची निवडही आक्रसते, हे यातून दिसते.

६.३.३ सार्वत्रिक सेवा : जेथे नफा नाही तेथे कोण जाणार?

फायबरची तार टाकण्याचा खर्च मुख्यतः खोदाईचा असतो. एका किलोमीटरवर शंभर ग्राहक मिळणार असतील तर कंपनी जाते. पाच मिळणार असतील तर जात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सार्वत्रिक सेवा बंधन निधी १ एप्रिल २००२ पासून अमलात आला आणि २००३ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते.

या निधीतून उभा राहिलेला सर्वांत मोठा प्रकल्प म्हणजे भारतनेट. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने तो मंजूर झाला. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हे त्याचे लक्ष्य होते. महाराष्ट्रात त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने राज्याने हाती घेतले. देशात दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तार पोहोचली. तरी तार पोहोचणे आणि सेवा चालू राहणे यांत अंतर राहिले. सुरुवातीची मांडणी सरळ रेषेची होती. रस्त्याच्या कामात एका ठिकाणी तार तुटली की पुढची सर्व गावे बंद पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार मांडणी स्वीकारण्यात आली. तीत एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क टिकतो.

६.३.४ पिंपरी-चिंचवड आणि चाकण : मधली जागा

आता आपण परिसराकडे वळू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने या भागात औद्योगिक क्षेत्र विकसित केले. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक होती. पुढे उद्योग पुणे-नाशिक महामार्गाने उत्तरेकडे सरकले. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग चाकण परिसरात उभे राहिले.

पिंपरी-चिंचवडचा समावेश २०१७ मध्ये स्मार्ट सिटी अभियानात झाला आणि शहरात ऑप्टिकल फायबरचे जाळे टाकण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. परंतु असा प्रकल्प महापालिकेच्या हद्दीपाशी थांबतो. हद्दीपलीकडे खेड तालुक्यातील कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी यांसारखी गावे ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली वाढली. तेथे भारतनेटची कसोटी लागू होते: ग्रामपंचायतीमागे एक जोडबिंदू. मराठवाड्यातील हजार वस्तीच्या गावाला आणि कंत्राटी कामगारांच्या खोल्यांनी भरलेल्या औद्योगिक गावाला एकच माप. त्यातच २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे बाहेरून आलेली वस्ती नियोजनाच्या कागदावर अपुरी उमटते. अशी गावे कागदावर ग्रामीण आणि व्यवहारात शहरी असतात. शहराची योजना त्यांच्या अलीकडे थांबते आणि खेड्याची योजना त्यांना अपुरी पडते.

खासगी कंपनी येथे का येत नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल; वस्ती तर दाट आहे. ती येतेही, परंतु निवडकपणे. कारखान्याला स्वतंत्र समर्पित जोडणी हवी असते आणि तिचे मोल देण्याची त्याची तयारी असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याची स्थिती वेगळी. घरमालकाची संमती, पत्त्याचा पुरावा, खोली कधी सोडावी लागेल याची अनिश्चितता, पाळीचे काम या सर्वांमुळे तारेची जोडणी त्याच्या आवाक्याबाहेर राहते. एका भिंतीच्या आत यंत्रे परस्परांशी क्षणात बोलतात आणि भिंतीबाहेरच्या खोलीत त्याच यंत्रावर काम करणारा विद्यार्थी मोबाइलवरचा उरलेला डेटा मोजत असतो. उपलब्धता, परवड आणि वापरक्षमता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

शिवाय मार्गाधिकाराचा प्रश्न आहे. या पट्ट्यात एकच तार नेताना राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा, औद्योगिक विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका आणि ग्रामपंचायत यांपैकी अनेकांची परवानगी लागू शकते. २०१६ चे मार्गाधिकार नियम आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले नवे नियम यांचा उद्देश ही प्रक्रिया एकसारखी करणे हा आहे. खोदाईत जुनी तार तुटू नये म्हणून मार्च २०२३ मध्ये खोदण्यापूर्वी सूचना देण्याचे केंद्रीय ॲपही सुरू झाले.

६.३.५ दूरसंचार अधिनियम, २०२३

या अधिनियमाने १८८५ चा कायदा मागे टाकला. सार्वत्रिक सेवा निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. परंतु नावापेक्षा उद्देशातील बदल महत्त्वाचा आहे. जुन्या कायद्यात हा निधी ग्रामीण व दुर्गम भागांसाठी होता. नव्या कायद्यात ग्रामीण आणि दुर्गम यांच्या जोडीला सेवेपासून वंचित असलेल्या शहरी भागांचाही उल्लेख आहे. ‘मधल्या जागे’तील वस्त्यांसाठी ही तरतूद उपयोगी पडू शकते, मात्र त्यासाठी आपला भाग वंचित आहे, हे कोणीतरी पुराव्यानिशी मांडावे लागेल.

याच कायद्याने शासनाला सेवा तात्पुरती बंद करण्याचेही अधिकार दिले आहेत. त्या संदर्भात १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल ध्यानात घ्यावा. इंटरनेटवरील अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना संविधानाचे संरक्षण आहे आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे त्यात सांगितले आहे.

६.३.६ ग्राहकाने काय करावे?

ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही. म्हणून तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ट्रायचे बंधनकारक अधिकार आणि शिफारशीचे अधिकार यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२. भारतनेटच्या सरळ रेषेतील मांडणीचा दोष कोणता?
३. चूक की बरोबर ते सांगा : दूरध्वनी घनता शंभर असेल तर प्रत्येक व्यक्तीकडे दूरध्वनी असतो.

६.४ सारांश

ब्रॉडबँडचा विस्तार हा तांत्रिक प्रश्न आहे, तसाच तो न्यायाचाही आहे. बाजार नफा असेल तेथे जातो. विनियामक बाजारात समान नियम राखतो, परंतु न आलेल्या कंपनीला तो आणू शकत नाही. त्यासाठी सार्वजनिक निधी लागतो. निधी कोणत्या एककाने वाटायचा, ग्रामपंचायत, महापालिका की प्रत्यक्ष राहणारी माणसे, यावर त्याचे यश अवलंबून असते. चाकण पट्ट्यातील गावे हा प्रश्न ठळकपणे समोर आणतात.

६.५ पारिभाषिक शब्द

विनियमन : एखाद्या व्यवसायाला सार्वजनिक हितासाठी नियमांनी बांधणे.
वर्णपट : बिनतारी संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींचा पट्टा.
मार्गाधिकार : दुसऱ्याच्या जमिनीवरून वा रस्त्यावरून तार नेण्याचा हक्क.
सार्वत्रिक सेवा बंधन : नफा नसलेल्या ठिकाणीही सेवा पोहोचवण्याचे दायित्व.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. दर, गुणवत्ता व आंतरजोडणी यांबाबत ट्राय बंधनकारक विनियम करते. परवाना व वर्णपट यांबाबत ते केवळ शिफारस करते.
२. एका ठिकाणी तार तुटल्यास पुढील सर्व गावांचा संपर्क खंडित होतो.
३. चूक. एकाच व्यक्तीकडे एकाहून अधिक जोडण्या असू शकतात.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘खेळाडू आणि पंच एकच असू नयेत’ या तत्त्वाच्या आधारे भारतीय दूरसंचाराच्या विनियमनाची वाटचाल लिहा.
२. नेट तटस्थतेचा मराठी मजकुराच्या प्रसाराशी असलेला संबंध सोदाहरण स्पष्ट करा.

६.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या वस्तीतील दहा घरांना भेट द्या. जोडणी तारेची आहे की मोबाइलची, दरमहा खर्च किती, ती अभ्यासासाठी वापरता येते का आणि बंद पडल्यास तक्रार कोठे केली, या चार प्रश्नांची उत्तरे त्यांच्या संमतीने नोंदवा. ट्रायच्या २०२४ च्या गुणवत्ता विनियमांनुसार कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करावयाचे आहेत. त्या नकाशाशी आपल्या नोंदी ताडून पाहा. आढळलेला फरक एका पानात लिहा आणि तो आपल्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत किंवा प्रभाग कार्यालयात सादर करा.