घर किती लांब?

(मोठ्या शहरात राहण्यासाठी वस्ती निवडताना आपण भाडे पाहतो, अंतर पाहतो. पण तेवढे पुरेसे असते का? नागपाड्यातील एका कुटुंबाला घर सोडून उपनगरात जावे लागले. त्या कुटुंबातील मुलीने सांगितलेली ही हकिकत आहे.)

आमचे घर नागपाड्याला होते. जुनी चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि पुढे लांब गॅलरी. खाली उतरले, की सारे हाताशी. माझी शाळा जवळ होती. दादीचे औषधपाणी नायर रुग्णालयात चाले. अम्मी घरी कपडे शिवत असे. तिची गिऱ्हाइके आमच्याच मोहल्ल्यातील होती. अब्बा मशीद बंदरला सुक्या मेव्याच्या दुकानात हिशेब लिहीत.

२०२५ च्या पावसाळ्याआधी आमची इमारत धोकादायक ठरली. ती पाडून नवी बांधायची होती. तीन-चार वर्षे तरी दुसरीकडे भाड्याने राहावे लागणार होते.

दादी पलंगावर बसून राहिली. ती म्हणाली, "मी या घरात लग्न होऊन आले. आता कुठे जायचे?"

अब्बा म्हणाले, "अम्मा, आपण परत येऊ. पण तोवर छप्पर हवे ना?"

त्या रविवारी मामू आले. ते मुलुंडला राहतात आणि रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. मामू म्हणाले, "भाईजान, उपनगरात या. आमच्या शेजारची जागा रिकामी आहे. दोन खोल्या आहेत, भाडेही कमी आहे."

"पण ते फार लांब!" दादी म्हणाली.

मामू हसले. "अहो, मुंबई रेल्वेच्या मागोमाग वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. घाटकोपर आणि मुलुंड याच मार्गावर आहेत. पश्चिमेकडे १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. मग १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर हे भाग महानगरपालिकेच्या हद्दीत आले. १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंडही आले. १९९० पासून तर मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हाच आहे. तेव्हा लांब कसले?"

मी तेव्हा आठवीत होते. मी वहीचा एक कागद घेतला. त्यावर चार नावे लिहिली : अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. मामूंनी अंतरे सांगितली. चर्चगेटपासून अंधेरी सुमारे २२ किलोमीटर, बोरिवली सुमारे ३४. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून घाटकोपर सुमारे १९ आणि मुलुंड सुमारे ३१.

आपा कागद पाहून म्हणाली, "किलोमीटर लिहून काय होणार? कोणाला किती वेळ लागतो ते लिही. अब्बांना दक्षिणेकडे जायचे आहे, मला अंधेरीकडे."

आपा अंधेरी पूर्वेला चकाला येथे एका कचेरीत काम करते. तिचे म्हणणे खरे होते. पूर्वी लोक कामासाठी फोर्टकडे किंवा परळच्या गिरण्यांत जात. आता अंधेरीत, वांद्रे-कुर्ला संकुलात हजारो लोक कामाला येतात. शहराला एकच मध्य उरलेला नाही. एका घरातील दोन माणसे सकाळी दोन विरुद्ध दिशांना निघतात.

मी रकाने आखले. एक अब्बांचा, एक आपाचा, एक माझ्या शाळेचा, एक दादीच्या दवाखान्याचा आणि एक भाड्याचा.

बोरिवलीला मोकळी हवा होती. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शेजारीच आहे. पण अब्बांना दादरला उतरून, पूल ओलांडून मध्य रेल्वेची गाडी धरावी लागली असती. अंधेरी आपाला सोयीची होती. तेथून हार्बर मार्गाची गाडी अब्बांना थेट मशीद स्थानकावर नेई. पण त्याला जवळजवळ एक तास लागे. शिवाय भाडे आमच्या आवाक्याबाहेर होते. मुलुंडला भाडे कमी होते, मामूंचा शेजार होता. पण अब्बांचा गाडीतला एक तास तेथेही चुकत नव्हता आणि आपाला घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी लागली असती.

घाटकोपरहून अब्बांना धीमी गाडी सुमारे ४० मिनिटांत मशीद स्थानकावर पोहोचवी. गाडी बदलायला नको. आणि २०१४ मध्ये सुरू झालेली मेट्रो घाटकोपरहून अंधेरीमार्गे वर्सोव्याला जाते. हा मार्ग सुमारे ११ किलोमीटरचा आहे. आपाचे चकाला स्थानक वाटेतच लागते.

"मग ठरले, घाटकोपर!" मी म्हणाले.

अब्बा म्हणाले, "कागदावर ठरले. आता पायांनी पाहू."

पुढच्या रविवारी आम्ही घाटकोपरला गेलो. एजंटने पहिले घर दाखवले ते टेकडीच्या उतारावर होते. भाडे फारच कमी होते. नकाशात ते स्टेशनपासून जवळ दिसत होते, पण दादीला तो चढ चढणे शक्य नव्हते. घराच्या मागे मातीचा उंच कडा होता. शेजारच्या एका काकांनी अब्बांना बाजूला बोलावले. ते म्हणाले, "पावसाळ्यात आम्ही रात्र रात्र जागे असतो. २००० साली घाटकोपरमध्येच दरड कोसळून खूप माणसे दगावली होती." अब्बांनी त्यांचे आभार मानले आणि आम्ही खाली उतरलो.

दुसरे घर सपाट रस्त्यावर होते. चांगली इमारत, लिफ्ट होती. एजंट आत जाऊन बाहेर आला. त्याने आमचे पूर्ण नाव विचारले, पुन्हा आत गेला आणि म्हणाला, "जागा कालच गेली हो." पण फाटकावर 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी तशीच लटकत होती. मी काही बोलणार होते. अब्बांनी माझा हात धरला. आम्ही रस्त्याला लागलो. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग आपा म्हणाली, "अब्बा, कागदावर हाही रकाना हवा होता."

अब्बा म्हणाले, "हो, बेटी. पण त्या रकान्यात एकाच दारावरून उत्तर लिहायचे नाही."

तिसरे घर स्टेशनच्या पूर्वेला होते. जुनी इमारत, पहिला मजला. राजावाडी रुग्णालय रिक्षाने जवळ. दार उघडले ते घरमालकीण आजींनी. त्यांनी दादीला आधी बसायला खुर्ची दिली. दादीने विचारले, "पाणी किती वाजता येते?"

आजी म्हणाल्या, "पहाटे येतं. दोन तास असतं. भरून ठेवावं लागतं."

"आणि पावसाचे पाणी?"

आजींनी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बोट ठेवले. "२६ जुलै २००५ ला इथपर्यंत आलं होतं. त्या दिवशी साऱ्या मुंबईचीच दैना झाली होती. पण दर वर्षी येत नाही. आल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं."

२६ जुलैच्या त्या पावसाची नोंद सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाली होती, हे मी शाळेत शिकले होते. आजींचे खरे बोलणे दादीला आवडले.

तरी अब्बांनी लगेच होकार दिला नाही. सोमवारी सकाळी साडेआठला ते आणि आपा पुन्हा तेथे गेले. भर पावसात, गर्दीच्या वेळी त्यांनी घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता चालून पाहिला. पहिल्या गाडीत अब्बांना चढताच आले नाही. दुसरीत जेमतेम उभे राहायला मिळाले. संध्याकाळी आपा अंधार पडल्यावर त्याच रस्त्याने परत आली. रस्त्यावर दिवे होते, दुकाने उघडी होती. मी कागदावर खऱ्या वेळा लिहिल्या. प्रत्येक आकडा वेळापत्रकापेक्षा मोठा निघाला.

रात्री मी कागद सर्वांना वाचून दाखवला. उर्दू माध्यमाची शाळाही अब्बांनी पाहून ठेवली होती. तिथे बसने जावे लागणार होते. सर्वांनी माना डोलावल्या. अम्मी मात्र मशीनवर वाकून शिवत होती.

दादी म्हणाली, "बेटी, या कागदावर तुझ्या अम्मीचा रकाना कुठे आहे?"

मी गप्प झाले. अम्मी कामासाठी घराबाहेर जात नाही, म्हणून मी तिचा रकाना आखलाच नव्हता. पण घर बदलल्यावर सगळ्यांत जास्त नुकसान तिचेच होणार होते. तिची सारी गिऱ्हाइके मागे राहणार होती.

अब्बांनी विचारले, "तुझे काय म्हणणे आहे?"

अम्मी म्हणाली, "आठवड्यातून एकदा मला भायखळ्याला जाता आले पाहिजे. शिवलेले कपडे द्यायचे, नवे आणायचे. आणि नव्या घरात मशीन खिडकीपाशी हवे. उजेड नसेल तर मी शिवणार कशी?"

घाटकोपरहून भायखळ्याला एकाच गाडीने जाता येते. आजींच्या घरात खिडकी पूर्वेला होती. पण तिथे आम्ही पलंग ठेवायचे ठरवले होते. पलंग भिंतीकडे गेला आणि खिडकी अम्मीला मिळाली.

अब्बांनी भाड्याचा करार रीतसर नोंदवला आणि मगच अनामत रक्कम दिली. जुलैअखेर आम्ही सामान हलवले. निघताना दादीने रिकाम्या गॅलरीतून खाली एकदा पाहिले.

आता आम्हांला इथे काही महिने झाले आहेत. अब्बांना अजून सकाळच्या गर्दीचा त्रास होतो. माझी बस कधी कधी उशिरा येते. अम्मीची काही गिऱ्हाइके तुटली, पण याच इमारतीतील दोन नवी मिळाली. दादी दुपारी आजींच्या दारात खुर्ची टाकून बसते. तरी दर शुक्रवारी ती अब्बांना विचारते, "आपली इमारत किती वर आली?"

माझा तो कागद मी जपून ठेवला आहे. परत नागपाड्याला जाताना पुन्हा रकाने आखावे लागतील. तेव्हा पहिला रकाना अम्मीचा असेल.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट
हद्द – सीमा
रकाना – कागदावर आखलेला उभा भाग
आवाक्याबाहेर – न परवडणारे
उतार – टेकडीची खाली जाणारी बाजू
दरड – डोंगराचा तुटलेला कडा
दगावणे – मरण पावणे
दैना होणे – वाईट अवस्था होणे
जेमतेम – कसेबसे
अनामत रक्कम – भाड्याने जागा घेताना ठेवायचे पैसे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुटुंबाला नागपाड्याचे घर का सोडावे लागले?
(आ) आपा कोठे काम करते?
(इ) बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी केव्हा धावली?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बांना बोरिवली का सोयीची नव्हती?
(आ) टेकडीवरचे स्वस्त घर अब्बांनी का घेतले नाही?
(इ) सोमवारी सकाळी अब्बा आणि आपा पुन्हा घाटकोपरला का गेले?

३. कोण कोणास म्हणाले?
(अ) "कागदावर ठरले. आता पायांनी पाहू."
(आ) "या कागदावर तुझ्या अम्मीचा रकाना कुठे आहे?"

४. विचार करा आणि सांगा.
"त्या रकान्यात एकाच दारावरून उत्तर लिहायचे नाही," असे अब्बा का म्हणाले असतील?

५. उपक्रम : तुमच्या घरातील प्रत्येक व्यक्ती रोज कोठे जाते आणि तिला किती वेळ लागतो, याचा तक्ता तयार करा. जी व्यक्ती घरीच काम करते, तिलाही विचारा : "तुला या वस्तीत काय हवे आहे?"