‘लक्ष देत नाही’ या शेऱ्यामागचे मूल

प्रगतिपुस्तकातील ‘लक्ष देत नाही’ हा शेरा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पालक तो वाचून मुलास रागावतात. पुढील सत्रात शिक्षक तोच पुन्हा लिहितात. काही मुलांच्या बाबतीत मात्र या शेऱ्याचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असते. वैद्यकशास्त्र या अवस्थेस ‘एडीएचडी’, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, असे म्हणते.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवर घालू न शकणाऱ्या या मुलांत त्यांना ‘नैतिक संयमा’चा अभाव दिसला. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात या विकाराच्या नावात ‘अवधान’ हा शब्द आला. आपली घरगुती भाषा मात्र अद्याप १९०२ मध्येच रेंगाळत आहे : द्वाड, आळशी, बेजबाबदार!

अशा मुलाचा दिवस कसा जातो? वही, चप्पल, पाण्याची बाटली रोज हरवते. फळ्यावरचे अर्धेच उतरवून होते. भोजनाच्या रांगेत पाय ठरत नाहीत; प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर तोंडातून निसटते. खेळात आपली पाळी येईपर्यंत धीर निघत नाही, म्हणून मित्र दुरावतात. आवडत्या कामात मात्र हेच मूल तासन्‌तास रमते आणि ‘मनात आणले तर करतो’ असा गैरसमज दृढ होतो.

किशोरवयात धावपळ ओसरते, पण आतली अस्वस्थता उरते. अभ्यास शेवटच्या रात्रीवर ढकलला जातो, राग चटकन उसळतो, उत्तरपत्रिका वेळेत पुरी होत नाही. मुलींमध्ये बहुधा चंचलतेपेक्षा हरवलेपण अधिक असते. त्या गप्प बसतात, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेले मूल अखेर स्वतःलाच नालायक समजू लागते. शाळा सुटण्याची वाट येथूनच फुटते.

प्रत्येक खोडकर मूल या विकाराचे नसते. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी अडथळा आणणारी असावी लागतात. निदान तज्ज्ञानेच करावे. औषधही त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत या विकाराचा समावेश आहे. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकास पालकांनी व शिक्षकांनी अशा मुलाविषयी आवर्जून सांगावे.

तोवर आपल्या हातीही पुष्कळ आहे. एका वेळी एकच सूचना द्यावी. गृहपाठाचे लहान भाग पाडावेत. दिनक्रम भिंतीवर लिहून लावावा. पहिल्या बाकावर बसवावे, मध्येच उठण्यास निमित्त द्यावे आणि जमलेल्या कामाचे कौतुक तिथल्या तिथे करावे. छडीने अवधान वाढत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाईच केली आहे.

प्रगतिपुस्तकात शेरा लिहिणाऱ्याने आणि त्यावर सही करणाऱ्याने एकदा एकत्र बसावे. ‘लक्ष देत नाही’ याऐवजी ‘लक्ष कोठे व केव्हा सुटते’ हे लिहिले, तर तोच रकाना मुलाच्या उपयोगी पडेल.