माल राखून ठेवणाऱ्याची मर्यादा

शेतकऱ्याने भाव येईपर्यंत माल घरात राखून ठेवला म्हणजे तो व्यापारी झाला, ही गोष्ट आमच्या पुष्कळ बंधूंच्या ध्यानात येत नाही. आपलाच माल आपल्या चाळीत आहे, त्यात व्यापार कसला, असे ते म्हणतात. परंतु आज विकता येण्याजोगा माल न विकणे म्हणजे आजच्या भावाने तो पुन्हा विकत घेणेच होय. व्यापार म्हटला की त्याची शिस्तही आली. ही शिस्त नुकसानीत सुटते असा सर्वसाधारण समज आहे; आमच्या पाहण्यात ती नफ्याच्या दिवसांत सुटते.

त्र्यंबकेश्वर हा भाताचा व नागलीचा मुलूख. येथल्या पावसात कांदा टिकावयाचा नाही. तरीही आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी, भाताचे आलेले पैसे घालून, सन २०२३ च्या उन्हाळ्यात निफाडकडे आपल्या सासऱ्यांच्या चाळीत कांदा भरला. आरंभ त्यांनी उत्तम केला. पैसा स्वतःचा, बियाण्याची व घरखर्चाची रक्कम निराळी काढलेली, आणि आमच्यासमक्ष त्यांनी वहीत लिहिले की, क्विंटलला अडीच हजार भाव झाला की अर्धा माल काढावयाचा व दिवाळीनंतर एक गोणीही ठेवावयाची नाही.

या ओळीत किती शहाणपण होते, हे हिशेबाने पाहावे. समजा, १०० क्विंटल कांदा हजार रुपयांप्रमाणे पडला. भांडवल एक लाख. सडून व सुकून शेकडा २० घट आली, ८० क्विंटल उरला. त्यातील निम्मा, म्हणजे ४० क्विंटल, अडीच हजारांनी विकला की लाख रुपये परत हाती आले. उरलेल्या ४० क्विंटलांचे काहीही होवो, मुद्दल सुटले.

त्या वर्षी १९ ऑगस्टला सरकारने कांद्याच्या निर्यातीवर शेकडा ४० कर बसविला. बाजारात गडबड उडाली. पण हे गृहस्थ डगमगले नाहीत, वहीतील ओळीवर विसंबून राहिले. पुढे ऑक्टोबरात भावाने अडीच हजारांची मजल ओलांडली आणि त्या दिवसापासून वही उघडली गेली नाही. आम्ही आठवण दिली तेव्हा, "भाऊसाहेब, चढत्या भावात कोण शहाणा विकतो?" असे उत्तर मिळाले. आम्ही गप्प बसलो. खरे सांगावयाचे तर, तो भाव पाहून मोह आम्हांसही पडला होता. पुढे त्यांनी घरातील दागिने गहाण टाकून त्याच चढ्या भावाने आणखी कांदा घेतला.

वरचाच हिशेब पुढे चालवू. घट धरून ८० क्विंटल माल क्विंटलमागे १,२५० रुपयांना पडलेला होता. त्यात ४० क्विंटल साडेतीन हजारांनी घेतला की एकूण माल १२० क्विंटल व गुंतलेली रक्कम २ लाख ४० हजार. म्हणजे पडत दोन हजारांवर गेली, व्याज निराळेच. पूर्वी जो भाव नफ्याचा होता, तोच आता बुडविणारा झाला. २८ ऑक्टोबरला निर्यातीची किमान किंमत टनास ८०० डॉलर ठरविण्यात आली आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. तोपर्यंत जुन्या कांद्याला कोंब फुटले होते. दागिने अद्याप सुटलेले नाहीत.

शिकलेले व मुरलेले लोकही यातून सुटत नाहीत. सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसास कधी नव्हे तो भाव आला. पैशाचा पूर लोटला. नव्या बँका व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. या काळात बँक ऑफ बाँबेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. सन १८४० च्या कायद्याने तिच्या कर्जव्यवहारावर कडक निर्बंध घातले होते. सन १८६३ मध्ये, ऐन भरभराटीत, ते सैल करण्यात आले व शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. प्रेमचंद रायचंदांसारख्या प्रख्यात व्यापाऱ्याच्या शब्दावर मोठमोठ्या रकमा गेल्या. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला, कापूस उतरला, आणि १ जुलैस वायदे पुरे करण्याचा दिवस येताच तारण म्हणून ठेवलेले शेअर निव्वळ कागद ठरले. याच बँकेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांस आला. सन १८६८ मध्ये बँक मिटली.

तेजीत सावकारांनी सढळ हाताने दिलेली कर्जे मंदीत कुणब्यांच्या अंगावर राहिली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांची खते जाळली गेली, त्यामागील कारणांत हेही एक होते.

आता मर्यादा पाळावी कशी? आमचे आयुष्य महसूल कचेरीत गेले. तेथे तोंडी फेरफार कोणी मानीत नाही. नोंद, तारीख व सही लागते. माल भरण्याच्या दिवशीच विक्रीचा भाव, विकावयाचा हिस्सा आणि शेवटची तारीख लिहून घरातील दुसऱ्या जाणत्या माणसाची सही घ्यावी. मर्यादा बदलू नये असे आमचे म्हणणे नाही; हवामान व आवक पाहून ती बदलावी लागते. मात्र ठरलेला भाव गाठण्यापूर्वी ती बदलावी, गाठलेल्या दिवशी हात लावू नये. आणि कर्जाच्या पैशाने साठा वाढवावयाचा असेल, तर आधी लिहिलेला हिस्सा विकून मगच सोनाराकडे जावे. विक्रीची पट्टी हातात पडल्यावर बहुतेकांस जावेसे वाटत नाही.

आमच्या त्या गृहस्थांनी गेल्या हंगामात पुन्हा थोडा कांदा भरला. वही या वेळी त्यांच्या पत्नीच्या पेटीत होती.