दप्तर आणि बकरी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरी तालुका आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा हा मुलूख. पावसाळ्यात येथे दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाही. ओढे दुथडी भरून वाहतात आणि पायवाटा चिखलात बुडून जातात. याच तालुक्यात, भाम धरणाच्या परिसरात, दरेवाडी ही आदिवासींची वस्ती आहे. धरणामुळे या लोकांचे जुने जीवन विस्कटले होते. अशा वेळी मुलांच्या शिक्षणाचा आधार म्हणजे जिल्हा परिषदेची वाडीतील लहानशी शाळा.

२०२२ साली ती शाळा बंद करण्यात आली. तेथील ४३ मुलांनी दूरच्या शाळेत जावे, असे ठरले.

कार्यालयातील नकाशावर दोन शाळांमधील अंतर बोटभरही भरत नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलास ते अंतर आपल्या इवल्या पावलांनी, मुसळधार पावसात, पाठीवर दप्तर घेऊन रोज दोनदा तोडावयाचे असते. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या मोठ्या गावात वाढणाऱ्या मुलांना याची कल्पना सहसा येत नाही. दूरच्या शाळेस जाणारी मुले प्रथम पावसाळ्यात घरी राहतात, मग वरचेवर राहतात, आणि एके दिवशी त्यांचे नाव केवळ हजेरीपटावर उरते. मुलींच्या बाबतीत तर आईबापांचे मन आणखी लवकर कचरते.

त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात दरेवाडीची मुले आपल्या पालकांसह नाशिकला जिल्हा परिषदेच्या कार्यालयावर गेली. त्यांच्यासोबत बकऱ्याही होत्या! ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या,’ अशी मुलांची मागणी होती. शाळाच नसेल तर दप्तर काय कामाचे? ते परत घ्या आणि आम्हांला बकऱ्या द्या, म्हणजे आम्ही त्या रानात चारू, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मोर्चे पुष्कळ निघतात आणि लोक ते विसरतातही. हा मोर्चा मात्र ध्यानात राहिला. ऐकणाऱ्यास प्रथम हसू यावे, आणि मग त्या हसण्याची लाज वाटावी, अशी ती मागणी होती. कारण गुरे-बकऱ्या राखण्यात ज्यांचे बालपण सरले, अशी माणसे या मुलांच्या घरोघरी होती. पाटी-पुस्तक दूर गेले की हाती काठी येते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

शाळा बंद करू पाहणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. शाळेत दहा-पंधराच मुले असली, तर खेळास गडी पुरत नाहीत. एकाच शिक्षकास अनेक वर्ग सांभाळावे लागतात. २०२३ साली राज्यात २० पेक्षा कमी मुलांच्या १४,७८३ शाळा होत्या व त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढाव्यात, असा विचार शिक्षण खात्याने त्या वर्षी मांडला. मुलांना वाहनाने आणण्याची कल्पनाही त्यात होती. त्यास शिक्षकांनी व पालकांनी ठिकठिकाणी विरोध केला. डोंगरातील वाडीवर वाहन बाराही महिने पोहोचेल काय, हा त्यांचा प्रश्न साधा होता. पण कागदावर त्याचे उत्तर देणे जितके सोपे, तितके घाटात नाही. शिवाय २००९ साली झालेल्या शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्राने जे नियम केले, त्यांनुसार पाचवीपर्यंतच्या मुलांची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीच्या मुलांची ३ किलोमीटरच्या आत असावी लागते. दरेवाडीच्या ४३ मुलांनी मागितले ते याहून अधिक नव्हते.

मुलांना बकऱ्या मिळाल्या नाहीत. आंदोलनानंतर त्यांची शाळा पुन्हा वाडीत भरू लागली.